सर, याला मार्क किती?

गेल्या महिन्यात शेजारचा अकरावीतला मुलगा आमच्या गच्चीवर माझ्यासोबत तारा ओढत बसला होता. खालून त्याच्या वडिलांनी हाक मारली, "सर, काय करायलाव वर?" म्हटलं, "रेडिओ ऐकायलो." ते वर आले. लॅपटॉपला लावलेलं पेनड्राइव्हएवढं डोंगल त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "याला मार्क किती असतात?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. म्हणून तर हे लिहायला बसलो.

मंडळी, मी मराठी माध्यमातला बी.ए. विज्ञानाशी संबंध एवढाच, की शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली काही वर्षं माझ्याकडे होती. ती मी जपली. ट्यूनिंग फोर्क, लोहचुंबक, भिंगं सगळं इन्स्पेक्शनच्या दिवशी बाहेर यायचं आणि संध्याकाळी मोजून आत जायचं. फुटलं तर भरून कोण देणार? तेव्हा आज मी जे लातूर-नांदेडच्या ट्यूशनवाल्यांना सुनावणार आहे, त्यातला पहिला आरोपी मीच आहे.

आता हे डोंगल काय आहे ते सांगतो. जुन्या रेडिओत लहरी पकडणं, निवडणं, त्यातून आवाज वेगळा काढणं ही कामं कॉइल, कंडेन्सर, व्हॉल्व्ह अशा वस्तू करायच्या. सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओत डोंगल फक्त लहरीचे आकडे करतं, सेकंदाला साधारण चोवीस लाख वेळा. बाकीचं सगळं गणित कॉम्प्युटर करतो. एफ.एम. ऐकायचं तर एक गणित, विमानांचा संदेश उलगडायचा तर दुसरं. वस्तू तीच. मुळात ही डोंगलं घरी टीव्ही बघण्यासाठी केलेली. फिनलंडच्या अंटी पालोसारी यांना २०१२ साली त्यातली आरटीएल २८३२ यू ही चिप कच्चे आकडे जसेच्या तसे बाहेर देते असं दिसलं, आणि लाखभराच्या यंत्राचं काम दोन-चार हजारांच्या वस्तूवर आलं.

आणि ते गणित म्हणजे काय? साइन आणि कोसाइन! आमची मुलं जे सूत्र म्हणून घोकतात, तेच. त्या मुलाला मी विचारलं, "तरंगलांबी म्हणजे काय?" त्याने एका श्वासात व्याख्या सांगितली. म्हटलं, "मग १३७ मेगाहर्ट्झची लहर किती लांब?" त्याने पर्याय विचारले. चार पर्यायांशिवाय प्रश्न असू शकतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. तीनशे भागिले एकशे सदतीस. दोन मीटर आणि वर थोडं. मग पट्टीने मोजून वायरिंगच्या तांब्याच्या तारेचे त्रेपन्न-त्रेपन्न सेंटीमीटरचे दोन तुकडे कापले आणि पसरट व्ही आकारात बांधले. तुकडे लहरीच्या चौथाईएवढे का, हे त्याने स्वतः शोधलं. पाव तास लागला. ट्यूशनमध्ये त्याला एका प्रश्नाला मिनिटभर मिळतो.

'लातूर पॅटर्न'चा मला अभिमान होता. खेड्यातली पोरं डॉक्टर झाली, हे खोटं नाही. पण त्याच लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या दिवसांत हॅम रेडिओवाले हौशी लोक आपले संच घेऊन आले आणि त्यांनी निरोप पोचवले. त्यांना कोणी मार्क दिले होते? उद्या तशी वेळ आली तर टॉवर पडल्यावर आमच्या किती मुलांना तार ताणता येईल?

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर सगळं मिळतं. मिळतं ना. ढगांचं चित्रही मिळतं. पण कोणीतरी आधी घेतलेलं, रंगवलेलं, मधे जाहिरात घातलेलं. आपल्या गच्चीवरून जाणाऱ्या उपग्रहाचा संदेश आपण पकडणं वेगळं. (जुन्या पुस्तकांत अमेरिकेच्या नोआ उपग्रहांची पद्धत दिलेली असते. त्या शेवटच्या तीन उपग्रहांची सेवा २०२५ साली संपली, आता रशियाच्या मेटिऑरकडे वळावं लागतं.)

ज्याला सुरुवात करायची त्याने आधी काही विकत घेऊ नये. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ इंटरनेटवरून फुकट ऐकता येतो, त्यावर महिनाभर कान तयार करावा. मग डोंगल. विंडोज त्याला टीव्हीच समजतं, झाडिग नावाच्या प्रोग्रॅमने ड्रायव्हर बदलावा लागतो. यात माझे तीन दिवस गेले. पहिल्यांदा आपलं नांदेड आकाशवाणीच लावावं. पडद्यावर लहरी वरून खाली वाहत येतात, त्याला धबधबाच म्हणतात. मला सहस्रकुंड आठवलं. आणि एक, फक्त ऐकायचं. बोलायचं तर परीक्षा आणि परवाना लागतो, आणि दुसऱ्यांचे खासगी संदेश ऐकणं हा गुन्हा आहे, हे मुलांना आधीच सांगावं.

वेळ जातो, हे खरं. त्याच्या वडिलांना मी तेही कबूल केलं. ते म्हणाले, "सर, नीट होऊ द्या, मग काय ते करू." डोंगलची किंमत ट्यूशनच्या फीपुढे चहापाण्याएवढी, हे मी बोललो नाही. त्यांनी शेतीवर कर्ज काढलंय, मला माहीत आहे.

पहिला प्रयत्न फसला. पट्ट्या-पट्ट्यांचं चित्र आलं, मधेच तुटलेलं. तरी एका पट्टीत किनारा दिसला. मुलगा ओरडला, "सर, कोकण!" मला तो गुजरात वाटत होता. अजून वाद चालू आहे.

येत्या रविवारी सकाळी उपग्रह पुन्हा डोक्यावरून जाईल. त्याच वेळी त्याची टेस्ट आहे. अँटेना मीच धरणार, चित्र त्याच्यासाठी ठेवून देणार.