वलगणीची वाट

पहिला जोराचा पाऊस झाला की सह्याद्रीच्या ओढ्यांत मासे उलटे चढू लागतात. ही वलगण. अंडी घालायला उथळ, ताज्या पाण्याकडे निघालेले हे जीव त्याच वेळी सर्वांत सहज सापडतात, हे मावळातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते.

वेल्ह्याच्या पुढे, मढे घाटाच्या वाटेवरचे पासली हे अशाच पाणलोटातले गाव. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतले पाणी वेळवंडी, कानंदी, गुंजवणी अशा नद्यांतून अखेर नीरेला मिळते. वेळवंडीवर 1928 साली भाटघरची भिंत पूर्ण झाली आणि बारामती, फलटणपर्यंतच्या उसाला पाणी गेले. टीएमसीचा हिशेब तेव्हापासून चोख ठेवला जातो. ओढ्यातल्या मुठ्या खेकड्यांचा, झिंग्यांचा हिशेब कोणी विचारत नाही!

वास्तविक पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही न व्यापणाऱ्या गोड्या पाण्यात जगातल्या निम्म्याहून अधिक मत्स्यजाती राहतात. 2024च्या ‘लिव्हिंग प्लॅनेट’ अहवालानुसार, पाहणीखालच्या गोड्या पाण्यातील प्राणिसंख्येत 1970 ते 2020 या काळात सरासरी 85 टक्के घट झाली.

माशांची वाट अडवणारी धरणे आता पाडायची नाहीत. पण लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महसीर मासा दशकानुदशके वाढवून सोडला जातो, तर निदान उरलेल्या ओढ्यांची वाट मोकळी ठेवणे अवघड नाही. नवा बंधारा बांधताना माशांना चढायला जागा ठेवावी. आणि ग्रामसभांनी वलगणीच्या दिवसांत ओढ्यात विषारी पावडर टाकण्यावर, विजेचा शॉक देण्यावर बंदीचा ठराव याच पावसाळ्याआधी करावा.