गणेशखिंडीचा मनोरा आणि कल्याण कॅम्पची बराक

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील गृहसंकुलांना ‘मॅनर’, ‘इस्टेट’, ‘व्हिला’ अशी नावे देण्याची चाल आता रूढ झाली आहे. प्रवेशद्वाराशी दोन गोल खांब, आत कोंबलेल्या सदनिका आणि वीस वर्षांचे कर्ज! इंग्लंडातील जमीनदाराच्या गढीचे हे स्वप्न ज्याला विकले जाते, तो पहाटेच्या लोकलला लोंबकळत मुंबई गाठणारा कारकून वा कामगार आहे. ती गढी मुळात कशाची बांधलेली होती, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

वास्तुकलेचे रसिक म्हणतात, मालक गेला, कला उरली. मग तिच्याकडे कला म्हणूनच पाहावे. युक्तिवाद सोज्ज्वळ आहे, पण खोटा आहे. गढीच्या रचनेतच मालक चिणलेला असतो. मध्ययुगीन इंग्लिश मॅनरचा गाभा म्हणजे एक मोठे दालन, आपल्याकडील वाड्याच्या सदरेसारखे. तेथे धन्याची कचेरी भरे, खंड वसूल होई, कुळांना दंड ठोठावले जात. फिर्यादीही तोच आणि न्यायाची गादीही त्याचीच. दालनाच्या एका टोकाला धन्याचा उंच चौथरा, दुसऱ्या टोकाला मुदपाकखान्याकडे जाणारी नोकरांची दारे. निदान जेवण तरी एका छपराखाली होते. पुढे धनी आपल्या खासगी दालनात सरकला आणि तीही सोबत संपली. सतराव्या शतकाच्या मध्यास रॉजर प्रॅट या वास्तुविशारदाने बर्कशायरमधील कोल्सहिल येथे भव्य दर्शनी जिन्याखेरीज नोकरांसाठी मागचे वेगळे जिने बसविले. हेतू एकच: घर चालविणारे हात पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत. ज्या प्रमाणबद्धतेचे आज गोडवे गायले जातात, तिच्या आराखड्यातच ही अस्पृश्यता कोरलेली आहे. महाराष्ट्राच्या वाचकाला मागच्या दाराचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या गढ्यांना पैसा पुरविला कोणी? इंग्लंडच्या शेतकऱ्याची सामाईक कुरणे जमीनदारांच्याच पार्लमेंटने कायदे करून कुंपणात घातली, हे झाले घरचे धन. बाहेरचे धन आपले होते. बंगाल लुटून परतलेल्या क्लाइव्हने सरे परगण्यातील क्लेअरमाँट विकत घेतले, तेथील जुने घर पाडले आणि १७६९पासून नवा प्रासाद उभारण्यास घेतला. १७७४ साली तो मेला, तेव्हा धड त्यात राहिलाही नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत गबर झालेल्या चार्ल्स कॉकरेलने १८०५च्या सुमारास ग्लॉस्टरशायरमधील सेझिनकोट या आपल्या गढीवर चक्क मोगली घुमट चढविला. लुटीच्या मालकीची कबुली इतक्या उघडपणे क्वचितच कोणी दिली असेल.

हीच गढी पुढे महाराष्ट्रातही उभी राहिली. गव्हर्नर बार्टल फ्रिअरने १८६४ साली पुण्याजवळ गणेशखिंडीत राजप्रासादाचे काम सुरू केले. आराखडा जेम्स ट्रबशॉचा, नमुना आइल ऑफ वाइटवरील ऑस्बोर्न हाउस या राणीच्या निवासाचा, आणि मनोरा सुमारे ऐंशी फुटांचा. अमेरिकेतील यादवी १८६५ साली संपताच कापसाचा भाव कोसळला, मुंबईचे व्यापारी बुडाले. बांधकाम मात्र १८७१पर्यंत चालूच राहिले आणि खर्च १ लाख ७५ हजार पौंडांवर गेला. खुद्द ब्रिटिश पार्लमेंटात या उधळपट्टीवर टीका झाली. २२ जून १८९७च्या रात्री प्लेगचा अधिकारी रँड याच प्रासादातील राणीच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा आटोपून परतत असताना चाफेकर बंधूंच्या गोळीस बळी पडला. ज्या शहरात घराघरांत शिरून माणसे बाहेर काढली जात होती, त्याच्याच वेशीवर ही रोषणाई चालली होती.

त्याच राज्यकर्त्यांनी दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी वसविली: २,१२६ बराकी. ही सुद्धा साम्राज्याची वास्तुकलाच. एक लांबट छप्पर, त्याखाली रांगेने माणसे. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लाखभर निर्वासित याच बराकींत, मधे पडदे आणि पत्रे लावून राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी पायाभरणी करून त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव दिले. त्याच १९४९ साली गणेशखिंडीच्या प्रासादात पुणे विद्यापीठ आले. गव्हर्नरच्या महालात शेतकऱ्याची मुले शिकली, याहून योग्य उपयोग त्या दगडांचा झाला नसता. आज तो प्रासाद वारसा म्हणून जपला जातो. त्याबद्दल तक्रार नाही. अंबरनाथचे १०६० सालचे शिवालय पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे, तेही उचितच. परंतु ज्या छपरांखाली एक अख्खे शहर नव्याने जन्मले, त्या बराकींना वारशाच्या यादीत कोणी स्थान दिले? बहुतेक पाडल्या गेल्या किंवा ओळखू येऊ नयेत इतक्या बदलल्या.

त्यांच्या जागी काय आले, हे उल्हासनगरकर जाणतात. निर्वासितांच्या पुनर्वसनाचा १९५४चा कायदा २००५ साली रद्द झाला, तरी कित्येक कुटुंबांच्या हाती सनद नाही. सनद नाही म्हणून बँक नाही, परवाना नाही, आणि ही पोकळी बिल्डरने भरली. शेकडो बेकायदा इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गेल्यावर २००६ साली सरकारने त्या नियमित करण्याचा खास कायदा केला. कागद नियमित झाला म्हणून स्लॅब मजबूत होत नाही. २८ मे २०२१ रोजी ‘साई सिद्धी’ इमारतीच्या पाचव्या मजल्याचा स्लॅब थेट तळापर्यंत कोसळून सात जण ठार झाले. त्याच महिन्यात कोसळलेल्या दुसऱ्या इमारतीचे नाव होते ‘मोहिनी पॅलेस’.

आणि बदलापूर? २६ जुलै २००५ला उल्हास नदीने गाव बुडविले. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजारावर प्रवासी होड्यांनी बाहेर काढावे लागले. इंग्रज जमीनदार आपली गढी उंचवट्यावर बांधी आणि कुळांना सखल भागात ठेवी. आमचा बिल्डर त्याहून चतुर: नदीकाठच्या सखल जमिनीलाच तो गढीचे नाव देतो आणि तिचे मोल कुळाकडूनच वसूल करतो.

म्हणून पाचही कॅम्पांतील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी बराकनिहाय, इमारतनिहाय याद्या कराव्यात: सनद कोणाकडे आहे, कोणाकडे नाही, तडे कुठे आहेत. संरचना-तपासणीचा खर्च रहिवाशांवर न लादता शासनाने उचलावा, घर रिकामे करण्याची नोटीस देण्यापूर्वी पर्यायी घराचा पत्ता लेखी द्यावा, आणि बदलापुरात पूररेषेचा नकाशा विक्रीकरारासोबत ग्राहकाच्या हाती मराठीत पडावा. या तीन मागण्या घेऊन मोर्चा नगरपालिकेवर नव्हे, मंत्रालयावर न्यावा लागेल; कारण सनदांचा शिक्का तेथे अडला आहे.