म्युझिक हॉलची गाणी: हसणाऱ्यांना भोळे समजण्याची चूक

#थ्रेड

१/ गरिबांनी संप केला की इतिहासात त्याची नोंद ‘राजकारण’ म्हणून होते. ते एखादे गाणे ऐकून हसले, की त्याला ‘करमणूक’ म्हणून तळटीपेत ढकलले जाते. ब्रिटिश म्युझिक हॉलच्या विनोदी आणि भावुक गाण्यांच्या वाट्याला हा अन्याय सव्वाशे वर्षे आला आहे.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १८५२ साली चार्ल्स मॉर्टन याने लंडनच्या लॅम्बेथ भागात आपल्या मद्यालयाला जोडून ‘कँटरबरी हॉल’ सुरू केला. टेबलांवर बिअर आणि जेवण, समोर रंगमंच, हातोडी आपटून पुढच्या कलावंताचे नाव पुकारणारा ‘चेअरमन’. आणि धृपद आले की सारे सभागृह गायकासोबत गाणार. ही शेवटची गोष्ट विसरू नये. पुढचा सारा वाद तिच्यावरच उभा आहे.

३/ या गाण्यांवर तीन शिक्के बसले. जे. ए. हॉब्सन यांनी १९०१ साली, बोअर युद्धाच्या काळात, ‘द सायकॉलॉजी ऑफ जिंगोइझम’मध्ये म्युझिक हॉलला युद्धज्वराची शाळा ठरवले. गॅरेथ स्टेडमन जोन्स यांनी १९७४ मध्ये त्यात ‘सांत्वनाची संस्कृती’ पाहिली: परिस्थिती बदलणार नाही हे मान्य केलेल्या वर्गाचा विरंगुळा.

४/ तिसरा शिक्का सर्वांत गोड, म्हणून सर्वांत घातक. बीबीसीने १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे लीड्सच्या सिटी व्हरायटीज थिएटरातून ‘द गुड ओल्ड डेज’ हा कार्यक्रम दाखवला. प्रेक्षकही जुन्या काळचा पोशाख करून बसत. गाणी तीच राहिली. भाडे थकलेले, पोट खपाटीला गेलेले श्रोते मात्र गायब झाले.

५/ हॉब्सन यांचा आरोप निराधार नाही. १८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या वेळी जी. एच. मॅकडरमॉट याने गायलेल्या गाण्यातूनच ‘जिंगो’ हा शब्द राजकारणात आला. परंतु त्याच गाण्याचे विडंबन हर्बर्ट कॅम्बेल गात असे, आणि त्यातला नायक लढायला साफ नकार देतो. टाळ्या त्यालाही पडत होत्या. पहिले गाणे पुरावा मानायचे आणि दुसरे वगळायचे, ही कोणती पद्धत?

६/ एक गोष्ट मात्र निःसंकोच मान्य केली पाहिजे. तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणारे कलावंत याच रंगमंचावर लोकप्रिय होते. म्युझिक हॉल निष्पाप नव्हता. पण निष्पाप नसणे म्हणजे निर्बुद्ध असणे नव्हे.

७/ आता ‘सांत्वना’कडे वळू. अल्बर्ट शेव्हॅलियेचे १८९२ चे ‘माय ओल्ड डच’ घ्या. कॉकनी बोलीत ‘डच’ म्हणजे बायको. चाळीस वर्षांच्या संसाराबद्दल म्हाताऱ्या नवऱ्याने व्यक्त केलेली कृतज्ञता, एवढाच त्याचा विषय. कागदावर वाचले तर निव्वळ भावुकपणा.

८/ परंतु शेव्हॅलियेच्या प्रयोगात मागे वर्कहाउसचा देखावा असे. दोन दरवाजे: एक पुरुषांचा, एक स्त्रियांचा. १८३४ च्या दरिद्री-कायद्यानंतर वर्कहाउसात नवरा-बायकोची ताटातूट हा नियमच होता. साठीपुढच्या जोडप्यांना १८४७ मध्ये सवलत मिळाली, पण ती पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिली. म्हणजे हे गाणे त्या दारांपाशी येऊन ठेपलेला माणूस गातो आहे. याला सांत्वन म्हणायचे, की आरोपपत्र?

९/ वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा कायदा १९०८ मध्ये झाला. तो गाण्यामुळे झाला असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण म्हातारपणी वर्कहाउसची पायरी चढण्याची भीती घरोघरी होती. ती खासगी शरम नसून सर्वांचे दुःख आहे, हे शेकडो अनोळखी माणसांनी एका सुरात म्हणणे, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

१०/ विनोदी गाण्यांचेही तेच. मेरी लॉइडचे १९१९ चे ‘डोन्ट डिली डॅली’: सामान गाडीवर लादून नवरा पुढे जातो, बायको पिंजऱ्यातला पक्षी घेऊन मागून चालते आणि वाट चुकते. यात हसण्यासारखे काय? थकलेले भाडे बुडवून घरमालकाला चुकवत बिऱ्हाड हलवावे लागणे, हे ज्याने सोसले आहे त्यालाच ते कळते. हसणारा स्वतःलाच हसतो आणि घरमालकालाही.

११/ हसल्याने राग निवतो, हे गृहीतकही तपासावे. १९१५ मध्ये ग्लासगोच्या भाडेकरूंनी भाडे थांबवले आणि त्याच वर्षी सरकारला भाडेवाढ रोखणारा कायदा करावा लागला. भाड्यावरची गाणी ऐकणारा वर्ग आणि भाडे नाकारणारा वर्ग एकच होता.

१२/ खुद्द रंगमंचही शांत नव्हता. जादा खेळांचा मोबदला न देणाऱ्या आणि इतरत्र गाण्यास मनाई करणाऱ्या मालकांविरुद्ध जानेवारी १९०७ मध्ये लंडनच्या कलावंतांनी संप पुकारला. वादक आणि पडद्यामागचे कामगारही त्यात उतरले. भरघोस मानधन मिळवणारी मेरी लॉइड कमी मिळवणाऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. अखेर जॉर्ज आस्कविथ यांच्या लवादाने कलावंतांच्या अनेक मागण्या मान्य केल्या.

१३/ १९१२ मध्ये राजासमोर म्युझिक हॉलचा खास प्रयोग झाला, त्यात लॉइडला स्थान नव्हते. १९२२ मध्ये ती गेली, तेव्हा अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली. सभ्यतेच्या यादीत कोण आणि लोकांच्या यादीत कोण, याचा हिशेब एवढ्यावरच लागतो.

१४/ तिच्या मृत्यूनंतर टी. एस. एलियट यांनी लिहिले की धृपदात सामील होणारा कामगार स्वतःच त्या कलाकृतीचा एक भाग असतो. एलियट डावे नव्हते, कामगारांचे नेते तर नव्हतेच. तरीही इतिहासकारांच्या नजरेतून जे निसटले ते या कवीने हेरले.

१५/ गाण्याचे शब्द अभिलेखागारात मिळतात. सभागृह मिळत नाही. म्हणून शब्दांवरून श्रोत्यांची अक्कल मोजली जाते. हा पुराव्याचा अभाव आहे, श्रोत्यांच्या बुद्धीचा नव्हे. ज्यांना त्या हसण्याचे कारण कळले नाही, त्यांनी हसणाऱ्यांना भोळे म्हणू नये.

(समाप्त)