सिगारेटवर ठपका, मशेरीबाबत मौन

गरोदर स्त्रीच्या हातात सिगारेट दिसली, की पाहणाऱ्यांचा निकाल तयारच असतो : ही कसली आई! तिने दिवसाच्या दहाच्या दोनवर आणल्या असतील, सोडण्याचा प्रयत्न दोनदा फसला असेल, याची चौकशी कुणी करीत नाही. धूम्रपानाने गर्भाला अपाय होतो, याबद्दल वाद नाही. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, आणि बाळ कमी वजनाचे वा अकाली जन्मण्याचा धोका वाढतो. परंतु दूषणे देऊन हा धोका कमी होतो का?

महाराष्ट्रात तर हा न्यायनिवाडा मुळातच एकांगी आहे. आपल्याकडे सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया थोड्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली मशेरी दातांना लावणाऱ्या कितीतरी अधिक. डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू, त्यातही मुख्यतः मशेरी, वापरत होत्या. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूती सुमारे सहा दिवस आधी झाली. याच अभ्यासावर आधारित २००६ मधील निबंधात मृत बालक जन्मण्याचा धोका या स्त्रियांमध्ये अडीच पटींहून अधिक आढळला.

तरीही मशेरीची डबी मोरीच्या कोनाड्यात उघडपणे असते. सासूसमोर लावायलाही संकोच नसतो, कारण ती सासूच लावते. इथे कुणी दोष देत नाही आणि कुणी सावधही करीत नाही. तपासणीच्या वेळी 'तंबाखू खाता का?' असे विचारले, तर ती 'नाही' म्हणते. तिच्या दृष्टीने ते खोटे नसतेच. ती तंबाखू खात नाही, दात घासते!

जिथे दोष दिला जातो, तिथे वेगळेच घडते. अमेरिकेत १९९९ ते २००६ या काळातील राष्ट्रीय पाहणीत रक्ततपासणीशी उत्तरे ताडून पाहिली गेली. धूम्रपान करणाऱ्या गरोदर स्त्रियांपैकी जवळपास २३ टक्क्यांनी ते लपविल्याचे दिसले. डॉक्टरांपासून जे दडविले जाते, त्यावर उपचार कसा व्हायचा?

ग्लासगोमध्ये उलटा मार्ग चोखाळून पाहिला गेला. धूम्रपान करणाऱ्या ६१२ गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना नेहमीच्या समुपदेशनाखेरीज, सिगारेट सोडल्यास एकूण ४०० पौंडांपर्यंतची खरेदीची कुपने देऊ करण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार कुपने देऊ केलेल्या गटात २२.५ टक्के स्त्रियांनी सिगारेट सोडली. दुसऱ्या गटात ८.६ टक्क्यांनी. व्यसनाला बक्षीस कशाला, हा आक्षेप समजण्याजोगा आहे. मात्र निव्वळ उपदेशाने असा फरक पडल्याचे दाखविणे आक्षेप घेणाऱ्यांना जड जाईल.

आपल्याकडे कुपनांइतका खर्चही नको. पहिल्याच तपासणीत, रागाचा सूर न लावता, 'मशेरी लावता का?' असे त्याच शब्दात विचारावे. घरात कोण बिडी-सिगारेट ओढते, हेही त्याच कागदावर नोंदवावे. तो 'कोण' बहुधा दवाखान्याबाहेरच्या टपरीपाशी उभा असतो.