पाडण्याआधी पारख

न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनचे गुलाबी ग्रॅनाइटचे खांब १९६३पासून उतरवले जाऊ लागले. त्या पाडकामाच्या धक्क्याचा वाटा १९६६च्या अमेरिकी वारसा-जतन कायद्यात मोठा.

मात्र त्याचे कलम १०६ पाडकाम रोखत नाही! केंद्राचा पैसा किंवा परवाना लागणाऱ्या कामाआधी ऐतिहासिक वास्तूंवरचा परिणाम तपासा, एवढेच ते बजावते. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत नाव नसले तरी पात्र वास्तूही त्यात येते.

पात्रता कशी ठरते? वय सहसा ५० वर्षे, घटना, व्यक्ती, बांधणी किंवा मिळू शकणारी माहिती यांपैकी एखादे महत्त्व, आणि मूळ रूप बऱ्यापैकी शाबूत. स्टोनवॉल इन हा ग्रिनिच व्हिलेजमधला विटांच्या दर्शनी भिंतीचा साधा बार. तिथे समलिंगी समुदायाने केलेल्या १९६९च्या उठावाला तीसच वर्षे झाली असताना १९९९मध्ये तो राष्ट्रीय सूचीत आला. देखणेपणाच्या परीक्षेत तो नापासच झाला असता.