शेवटच्याने फाटक लावायचे

इंग्रज माणूस ओळख करून दिल्याशिवाय बोलत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. त्याला सायकलवर बसवा, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखू द्या आणि मग पबच्या बाकावर टेकू द्या. स्वतःच्या सांधेदुखीपासून मुलीच्या लग्नापर्यंत सारे तो आपण होऊन सांगतो. गेली तीन वर्षे दर रविवारी मी हा अनुभव घेत आहे.

रेडिंग गावी तीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. कचेरीतले सहकारी पुष्कळ होते. पण निरोपसमारंभाचा केक संपला, तसे तेही संपले. सौ.चे तसे नव्हते. शेजारणींशी तिचे चांगले गूळपीठ. दुपारी ती बाहेर पडली की घरात मी आणि भिंतीवरचे घड्याळ! अशात वाचनालयाच्या फळ्यावर एक चिठ्ठी दिसली: 'रविवारी सायकलने रानवाटा हिंडतो. शर्यत नाही. वाटेत दोन पब.'

"अहो, चौसष्टाव्या वर्षी चिखलात लोळायचे, आणि वर गुत्त्यात बसायचे?" सौ. म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी जुन्या सायकलवरची धूळ तिनेच पुसली.

ही तऱ्हा इंग्लंडात नवी नाही. 1955 साली लेमिन्स्टर गावच्या 'ब्लॅक स्वान' नावाच्या पबमध्ये काही सायकलस्वार जमले आणि त्यांनी 'रफ-स्टफ फेलोशिप' स्थापन केली. डांबरी रस्ता सोडून खडकाळ वाटांनी जायचे, सायकल चालेना तेथे ती खांद्यावर घ्यायची, हा त्यांचा शिरस्ता. डोंगरी सायकलींचे खूळ कॅलिफोर्नियात निघाले ते पुढे वीसेक वर्षांनी. आमची मंडळी त्या संस्थेची शाखा नव्हे, पण गोत्र तेच! 1968 च्या कायद्याने तर घोडेस्वारांच्या वाटांवर सायकलला हक्कच मिळाला. अट एवढीच की पायी चालणारा किंवा घोडेस्वार समोर आला तर आपण वाट द्यायची. निळा बाण दिसला की वाट आपली. पिवळा बाण फक्त पादचाऱ्यांचा.

आम्ही हिंडतो ते चिल्टर्न टेकड्यांत. माती खडूची, पांढरी. पावसात ती लोण्यासारखी निसरडी होते आणि तिच्यातली धारदार गारगोटी टायर फाडते. चाकात हवा किंचित कमी ठेवावी, म्हणजे रबर जमिनीला धरून राहते. पंक्चर झाले की एकजण काम करतो आणि पाचजण सल्ला देतात. त्या वेळी मला थेट पुण्याची आठवण येते. दिवाळीच्या सुमारास बीचची झाडे तांबूस होतात आणि वर घारी घिरट्या घालतात. येथल्या नाहीशा झालेल्या त्या घारी 1989 पासून स्पेनहून आणून पुन्हा वसवल्या.

मंडळाला घटना नाही, वर्गणी नाही. नियम एकच: प्रत्येक फाटकापाशी थांबायचे आणि शेवटच्याने फाटक लावायचे. पहिल्या रविवारी प्रत्येक फाटक मीच लावले. पण घड्याळाकडे कोणी पाहिले नाही. मी पोहोचताक्षणी निघण्याचीही कोणाला घाई नव्हती, कारण मागून येणाऱ्यालाच विसाव्याची गरज अधिक. माझा श्वास खाली बसेपर्यंत सारे हवापाण्यावर बोलत राहिले. कोणीतरी आपल्यासाठी थांबले आहे, ही गोष्ट मला कितीतरी दिवसांनी भेटत होती.

पब म्हणजे गुत्ता नव्हे, हे सौ.ला आता पटले आहे. तेथे कुत्री असतात, आजीबाई असतात, शेगडी पेटलेली असते. मी जिंजर बियर घेतो. इतर अर्धा पाइंट. त्याहून अधिक कोणी घेत नाही, कारण नशेत सायकल चालवणे हा येथे गुन्हा आहे. आज एकाने सर्वांचे पैसे द्यायचे, पुढच्या वेळी दुसऱ्याने. या फेरीत माझी पाळी आली, त्या दिवशी मी खरा सभासद झालो.

आमच्यातले सर्वांत वडील गृहस्थ निवृत्त पोस्टमन, वय अठ्ठ्याहत्तर. यंदा वसंतात डॉक्टरांनी त्यांची सायकल बंद केली. आता संपले, असे ते फोनवर पुटपुटले. कोणी सांत्वन केले नाही. पुढच्या रविवारचा मार्ग तेवढा बदलला: दुसरा पब बसच्या रस्त्यावरचा निवडला. तेव्हापासून ते बसने येतात, आमच्या आधी जागा धरून बसतात आणि आम्हाला उशीर झाला म्हणून रागावतात.

येत्या रविवारी सौ.ने चकल्यांचा डबा बांधून दिला आहे. पोस्टमनसाहेबांसाठी वेगळी पुडी आहे. त्यांना तिखट फार चालत नाही, हे मी घरी बोलून गेलो होतो.