एक्सेल, जरा फाइल उघड ना!

संध्याकाळचे पाच. खालापूरमधल्या कुठल्याही कारखान्याचं डिस्पॅच डिपार्टमेंट डोळ्यांसमोर आणा. गेटवर ट्रक उभा, ड्रायव्हरचे चार मिस्ड कॉल. इनव्हॉइस आणि ई-वे बिल पीडीएफमध्ये, टेस्ट सर्टिफिकेट वर्डमध्ये, वजनकाट्याच्या पावतीचा फोटो जेपीजीत. यादी मात्र एकाच एक्सेल शीटमध्ये! मग बसा फोल्डर धुंडाळत. तोवर खोपोलीहून कर्जतची लोकल गेली, की पुढच्या गाडीची वाट बघणं आलंच.

उपाय त्याच एक्सेलमध्ये आहे, बॉस! १९९३ साली एक्सेल ५ बरोबर व्हीबीए आलं, तेव्हापासून मॅक्रो आपली हमाली करायला तयार आहे. फक्त त्याला नीट सांगता आलं पाहिजे.

बहुतेक जण 'वर्कबुक्स डॉट ओपन' लिहितात. एक्सेलच्या फाइलींना ते झकास. पीडीएफ दिली तर मात्र अक्षरांचा चिवडा. काही जण 'शेल' वापरतात. पण शेल प्रोग्रॅम सुरू करतो, नुसती फाइल दिली तर अडतो. म्हणजे ॲक्रोबॅट कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेही सांगा. शेजारच्या पीसीवर ते दुसरीकडे असलं, की बोंबला!

खरी चावी आहे 'धिसवर्कबुक डॉट फॉलोहायपरलिंक'. पुढे फाइलचा पूर्ण पत्ता द्या, बस्स. कोणती फाइल कशात उघडायची ते विंडोज बघून घेतं, आपण फाइलवर डबल क्लिक केल्यावर बघतं तसंच. मध्ये एखादी सूचना आली, तर वाचून मगच ओके करा.

दोन टिप्स. फाइलच्या नावात हॅशची खूण नको. त्यापुढचा भाग लिंकमधली जागा समजला जातो आणि फाइल सापडत नाही. आणि नाव मराठीत असेल तर पत्ता कोडमध्ये नको, सेलमध्ये लिहा. व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. फाइल जागेवर आहे का, हे तपासायलाही 'डिर'ऐवजी 'फाइलसिस्टिमऑब्जेक्ट' घ्या. शीट एक्सएलएसएम म्हणून सेव्ह करा, नाहीतर मॅक्रो गायब!

आता जरा सीरियस. जी ओळ कुठलीही फाइल उघडते, ती नको तीही उघडते. १९९९ मध्ये 'मेलिसा' नावाचा व्हायरस वर्डच्या मॅक्रोतूनच पसरला होता. आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर तो स्वतःच मेल करायचा. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपोआप रोखायला सुरुवात केली, ते उगाच नाही. ऑफिसच्या शेअर्ड शीटमधला पत्ता तर कोणीही बदलू शकतो. म्हणून मॅक्रोत एक अट घालाच: पीडीएफ, डॉकएक्स, जेपीजी एवढ्यांनाच प्रवेश. ईएक्सई वगैरे पाहुण्यांना दारातूनच नमस्कार!